रामनाथचं तपकिरी कडं

आशालताबाईंचं शकूकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका अर्ध्या केळ्यामुळे.

तशी ती जूनपासून आठवी 'ब'च्या वर्गात होतीच. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची, दोन घट्ट वेण्या, तेलाने चप्प बसवलेले केस. हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे तिचा आवाज बाईंनी ऐकला नव्हता. त्या दिवशी धडा होता ऑक्सिडेशनचा. बाईंनी तासाच्या सुरुवातीला एक केळं सोलून, अर्धं कापून टेबलावर ठेवलं होतं. तास संपत आला तेव्हा त्याची कापलेली बाजू काळपट झाली होती. बाई म्हणाल्या, "हवेतला ऑक्सिजन लागला की पदार्थ खराब होतो. लिहून घ्या."

बावन्न मुलांनी लिहून घेतलं. शकूने लिहिलं, आणि मग पेन ठेवून हात अर्धाच वर केला.

"बाई, आमच्याकडं सोललेली केळी सात दिवस हवेत असतात. ती नाय होत काळी."

"मग कशी होतात?"

"आधी पिवळी. मग मधासारखी."

"मग खायला मधमाश्या येत असतील," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. शकू हसली नाही, रागावलीही नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. बाई साताऱ्याकडच्या, लग्न होऊन वसईला येऊन त्यांना तेव्हा चारच वर्षं झाली होती. सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, हा शब्द त्यांनी ऐकला होता, पण सुकेळी कशी होतात ते पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तुझ्या घरी येते."

बाई येतील असं शकूला वाटलं नव्हतं. शनिवारी त्या गिरीजला बसमधून उतरल्या तेव्हा ती थांब्यावर उभी होती, आणि घरापर्यंत त्यांच्या पुढे पुढे चालत राहिली.

रामनाथ, शकूचे वडील, काडीसारखे बारीक होते. खांद्यावर पंचा, हातात कोयता. वाडीत नारळ, केळी, मधे भाजीचे वाफे, आणि कडेला बावखल. विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान असं ते वाडीचं पाणी बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. बावखलाच्या काठावर बांबूच्या मांडवावर चटया टाकून सोललेली राजेळी केळी ओळीने मांडली होती. दिवसभर त्यांना ऊन-वारा द्यायचा, संध्याकाळी केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून ऊब द्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. असे सात दिवस.

"पण काळी कशी पडत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"पडतात की," रामनाथ म्हणाले. "काय काय पडतात. ती बाजूला काढतो. आमच्या शकूचा तोच धंदा. डागाचं केळं तिच्या हाताखालून सुटायचं नाय. बाकी वारा तर लागनारच, बाई. तो कुठं लागू द्यायचा नि कुठं नाय, एवढंच आपल्या हाती."

निघताना त्यांनी बाईंना परसात लावायला केळीचा मुनवा, बुंध्यापाशी फुटलेलं पिल्लू, दिला. बाईंनी बोट दाखवलं ते रुंद, हिरव्यागार पानांच्या मुनव्याकडे. रामनाथ हसले.

"ते दिसायला गोजिरं, बाई. त्याचं आईशी नातं धड नसतं. नुसतं पानी पिऊन फुगतं. हे घ्या." आणि त्यांनी तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा, अंगाने वाळका दिसणारा एक मुनवा मातीसकट उपटून दिला. तो बाईंच्या परसात लागला आणि पुढची वीस वर्षं त्याच्या पोटी पोटी नवी केळ येत राहिली.

शकू दहावी झाली. पुढे शिकली असती, पण घरात शिकवायचं ठरलं ते धाकट्या भावाला, अल्पेशला. चंदनसारच्या जितेंद्रशी तिचं लग्न झालं. तो टेम्पो चालवायचा, बोलायला गमत्या होता. माहेरी सुकेळीचा हंगाम आला की शकू दरवर्षी जाऊन आठ-दहा दिवस केळी निवडत बसे, आणि एक पुडकं बाईंच्या घरी पोचतं करी.

अशाच एका वर्षी हर्षवर्धन बाईंना भेटायला आला. तोही त्यांचाच विद्यार्थी, शकूच्या दोन वर्षं पुढचा. रसायनशास्त्रात डॉक्टर होऊन त्याने वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला होता आणि तिथे तो बुरशी वाढवत होता. लोक बुरशी घालवायला पैसे मोजतात आणि हा वाढवतो, याचं बाईंना हसू आलं.

"बाई, औषधाच्या कारखान्यात एखाद्या रेणूला एकच ऑक्सिजन जोडायचा असतो," त्याने सांगितलं. "रेणूवर जागा पन्नास, हवी असते एकच. जहाल रसायनं वापरली तर ती पन्नास दारं बडवत सुटतात, निम्मा माल जळतो आणि विषारी पाणी नाल्यात जातं. काही बुरशा मात्र लाकूड कुजवण्यासाठी स्वतःची एन्झाइमं सोडतात. ती पोस्टमनसारखी असतात. पन्नास बिऱ्हाडांच्या चाळीत बरोबर एका दारावर थाप. साधं पाणी, साधी ऊब, काम होतं. फक्त आपल्याला हवं त्या दारावर जाणारा पोस्टमन सापडावा लागतो."

त्याला काचेची भांडी धुणारं माणूस हवं होतं. "बाई, धुतलेल्या भांड्यात आधीच्या कामाचा कणसुद्धा राहता कामा नये. असं कोण आहे?"

बाईंनी एकच नाव सांगितलं.

शकू लॅबमध्ये वर्षभर भांडी धूत होती. एक दिवस ती माहेराहून परस्पर कामावर आली आणि तिने डबा उघडून हर्षवर्धनसमोर ठेवला. आत पोळीभाजी नव्हती, लाकडाचा तुकडा होता. वर पातळ, करड्या छत्र्यांचा थर.

"सर, आमच्या बावखलाच्या काठाला आंब्याचं खोड पडलंय, त्यावर ही आलेय. तुम्ही म्हणता ना, लाकडाचा रंग नेणारी पाहिजे. हिनं खोड पांढरं केलंय."

हर्षवर्धनने सह्याद्रीतून, कोकणातून, कुठून कुठून आणलेल्या चाळीस बुरशा तोवर तपासल्या होत्या. एकेचाळिसावी गिरीजची. हव्या त्या दारावर नेमकी थाप मारणारी हीच निघाली. नळ्यांवर नाव घालायची वेळ आली तेव्हा त्याने शकूला विचारलं आणि लिहिलं: रामनाथ-१.

रामनाथना हे कळलं तेव्हा त्यांनी कोयता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पोरानं वाडीला नाव नाय लावलं, पोरीनं बुरशीला लावलं. चांगलंय. खायला काय देता तिला?"

"आंब्याच्या भुशाचा काढा."

"मग राहील ती."

जितेंद्र मात्र आल्यागेल्याला सांगत सुटला, "लोक सासऱ्याचा फोटो भिंतीला लावतात. आमच्या हिनं माझ्या सासऱ्याला फ्रीजमध्ये ठेवलंय."

पुढच्या चार वर्षांत वाडी गेली. भावकीत विकायचं ठरलं, अल्पेशने सही केली. बावखलात भराव पडायच्या आधीच रामनाथ गेले. एवढं तरी बरं झालं, असं शकू म्हणे. आंब्याचं खोड भरावाखाली गेलं. जिथे चटया मांडत तिथे आता पार्किंग आहे. बाईंच्या जुन्या घराचीही इमारत झाली आणि परसातली केळ एका सकाळी यंत्राने उपटून काढली. बाईंनी एक मुनवा कुंडीत वाचवायचा प्रयत्न केला, पण तिसऱ्या मजल्यावर तो धरला नाही. शकूला हे सांगताना त्यांना अपराध्यासारखं झालं.

"जाऊ दे, बाई," शकू म्हणाली. "बाबा आहेत ना लॅबमध्ये." हे ती हसून म्हणाली, पण बाईंनी मुलांना तीस वर्षं शिकवलं होतं. हसून बोललेलं किती खरं असतं ते त्यांना कळे. वाडीतलं जिवंत असं आता तेवढंच उरलं होतं.

लॅबमधली धाकटी संशोधक क्षितिजा शकूला 'शकूताई' म्हणे. तिने हळूहळू शकूला ज्योतीवर सुई तापवायला, एका चपट्या काचेच्या प्लेटमधला बुरशीचा कणभर तुकडा दुसऱ्या प्लेटमध्ये लावायला शिकवलं. रामनाथची पिढी पुढे नेणं हे काम शकूकडे आलं. मग एका पावसाळ्यात गाळ्यात गुडघाभर पाणी शिरलं, चार दिवस वीज नव्हती, आणि फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला रामनाथचा मूळ साठा गेला. हातात राहिली ती फक्त शकूच्या प्लेटींतली चालती वाढ.

त्यानंतर दोन वर्षांनी रामनाथ थकला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. प्लेटी तर कधी नव्हत्या इतक्या देखण्या दिसत होत्या. पांढऱ्याशुभ्र, कापूस पिंजून ठेवल्यासारख्या. पण रेणूवर ऑक्सिजन बसेना. शंभरातल्या नव्वद रेणूंवरून प्रमाण साठावर आलं, मग तिसावर, मग पाचावर. काढा बदलून पाहिला, उष्णता बदलून पाहिली. भाद्रपदात हर्षवर्धनने सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर रामनाथ बंद. दुसरी बुरशी परदेशातून मागवतो. तिच्यात याची भेसळ नको, त्यामुळे जुन्या प्लेटी सगळ्या उकळून टाकायच्या."

शकूची नोकरी जाणार नव्हती. ती नव्या बुरशीची भांडी धुणार होती, इतकंच.

गौरी-गणपती झाल्यावर ती बाईंकडे आली. बाई ओट्यापाशी भाजीसाठी कच्ची केळी चिरत होत्या. शकूने नेहमीप्रमाणे पदर खोचून सुरी त्यांच्या हातातून घेतली आणि चिरता चिरता सगळं सांगितलं. तिचा आवाज सपाट होता. फोडी पाण्यात टाकायला उशीर झाला आणि ताटातल्या पहिल्या फोडींच्या कडा तपकिरी दिसू लागल्या.

शकू थांबली.

"बाई, हे काळं कोण पाडतं? नुसती हवा?"

"नुसती हवा नाही गं. केळ्यातलंच एन्झाइम. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते काम करतं, त्याचा हा रंग."

"म्हणजे काम चाललंय म्हणून रंग येतो."

"हो."

"आणि कामच थांबलं तर?"

"मग फोड पांढरीच राहील."

शकूने सुरी ताटात ठेवली. हात पुसले. पुन्हा पुसले.

"बाई, रामनाथच्या प्लेटींत बुरशीभोवती चहाच्या रंगाचं कडं यायचं. सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांत यायचं. मला वाटलं डाग पडतोय. क्षितिजामॅडमनी सांगितलेलं, चांगली वाढलेली तेवढी पुढे लावायची. मी डागाच्या प्लेटी बाजूला काढल्या. दर आठवड्याला. पांढऱ्या तेवढ्या ठेवल्या. दोन वर्षं."

बाईंना रामनाथचे शब्द आठवले, 'डागाचं केळं तिच्या हाताखालून सुटायचं नाय.' आणि त्यापाठोपाठ स्वतःचं वाक्य आठवलं. 'ऑक्सिजन लागला की पदार्थ खराब होतो. लिहून घ्या.' किती वर्षं, किती वर्गांना त्यांनी ते वाक्य दिलं होतं. गंज, कापलेलं केळं, खवट तेल; सगळी उदाहरणं नासण्याची.

"अर्धी चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमची कशी?"

"आठवीची वही बघ."

"ती वही भरावात गेली, बाई," शकू म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सरांना सांगायला पाहिजे."

"सांगितलं नाहीस तर कुणाला कळणार नाही."

"म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी बाई तिच्याबरोबर लॅबमध्ये गेल्या. शकूने हर्षवर्धनला उभ्यानेच सगळं सांगितलं, एकही सबब न देता. तो ऐकून खुर्चीत मागे टेकला. बाई त्याला लहानपणापासून ओळखत होत्या. राग आला की तो चष्मा पुसायचा. आत्ता त्याने चष्मा पुसला.

"दोन वर्षं, शकूताई."

"हो, सर."

"सर, एक मिनिट," क्षितिजा म्हणाली. "सूचनेत 'हेल्दी ग्रोथ निवडा' असं लिहिलंय ना, ते मी लिहिलंय. हेल्दी म्हणजे काय ते लिहिलं नाही. आणि प्लेटी मीपण रोज बघत होते. मलापण त्या छानच वाटल्या."

"आणि मी सही करत होतो," हर्षवर्धन म्हणाला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. "कड्याची एखादी जुनी प्लेट आहे कुठे?"

"नाही. सगळ्या उकळल्या."

शकू कपाटाकडे गेली. तिथे त्या आठवड्याच्या साठ प्लेटी रचून ठेवलेल्या होत्या. तिने त्या एकेक करून खिडकीपाशी नेल्या आणि उजेडात धरून बघायला लागली. वरून, मग खालून. बाई स्टुलावर बसून पाहत होत्या. चटईवरची केळी ती अशीच बघायची, उचलायची, फिरवायची, ठेवायची. फक्त तेव्हा ती डाग शोधून टाकायची, आणि आज डाग सापडावा म्हणून शोधत होती.

चहा आला आणि गार झाला. अठ्ठेचाळिसाव्या प्लेटपाशी तिचा हात थांबला.

पांढऱ्या कापसात एका बाजूला, कलिंगडाच्या पातळ फोडीच्या आकाराचा तुकडा, विरळ आणि मरगळलेला दिसत होता. बाकीची वाढ त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली होती. त्याच्या टोकाला, खालून पाहिलं तरच दिसेल अशी, चहाच्या रंगाची केसाएवढी रेघ.

"हे घ्या," ती म्हणाली.

हर्षवर्धनने भिंगातून पाहिलं. "हा तर सगळ्यांत कमजोर भाग आहे. वाढसुद्धा नाही धड."

"तलवारपानाचा मुनवापण असाच दिसतो, सर. गोजिरा असतो तो नुसतं पाणी पिऊन फुगलेला."

हर्षवर्धनला काही कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी त्याला केळीच्या दोन प्रकारच्या मुनव्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता क्षितिजा उठली आणि तिने सुई तापवायला ज्योत पेटवली.

तो तुकडा शकूने स्वतः लावला. क्षितिजाने प्लेटीत हिरड्याचं पाणी घातलं होतं. त्यातल्या तुरट द्रव्यावर एन्झाइमने काम केलं तर रंग दडून राहत नाही. पहिले चार दिवस काहीच झालं नाही. बुरशी रांगत होती. जितेंद्रने घरी विचारलं, "सासऱ्यांची तब्येत कशी आहे?" ती डबा भरत राहिली, तेव्हा त्याने तो विषय सोडला. पाचव्या दिवशी तिच्याआधी उठून त्याने टेम्पोची काच पुसली आणि तिला गाळ्यापर्यंत सोडलं. एरवी ती रिक्षाने जायची.

आठव्या दिवशी कडं आलं. पूर्ण नाही, चंद्रकोरीएवढं. त्यातूनच पुन्हा तुकडा घेऊन नवी प्लेट, तिच्यातून पुन्हा. तिसऱ्या पिढीला कडं बांगडीसारखं गोल झालं. मग ती बुरशी आंब्याच्या भुशावर वाढवली, तिचं पाणी गाळलं, त्यात तो रेणू सोडला आणि यंत्राला तपासायला दिला.

खंडेनवमीला लॅबमध्ये सगळ्या उपकरणांना झेंडूची फुलं वाहिलेली असताना बाईंचा फोन वाजला. हर्षवर्धन होता.

"बाई, पोस्टमन कामावर आलाय."

"किती?"

"शंभरात बासष्ट. पूर्वीसारखे नव्वद नाहीत. पण दार बरोबर, एकच."

"आणि शकू?"

"भांडी धुतेय. मी म्हटलं, आज तरी राहू द्या. म्हणाल्या, 'आज तर जास्त नीट धुवायला पाहिजेत.'"

बाई फोन ठेवून थोडा वेळ खिडकीपाशी बसल्या. समोरच्या इमारतीवर कुणीतरी केळीचं पान बांधत होतं. ते विकत आणलेलं होतं, वसईचं होतं की कुठलं कुणास ठाऊक. त्यांना बांबूचा मांडव आठवला, त्यावर ओळीने मांडलेली केळी, बावखलावरून येणारा ओलसर वारा, आणि रामनाथ. 'कुठं लागू द्यायचा नि कुठं नाय' असं त्या वाऱ्याबद्दल ते जे एका वाक्यात सांगून गेले होते ते समजायला बाईंना जवळजवळ तीस वर्षं लागली होती. त्यांनी धड्यांची जुनी टाचणवही काढली. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, ती वही आता कुणी वाचणार नव्हतं. तरी त्यांनी 'खराब होतो' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'बदलतो'.

त्या वर्षीपासून लॅबमध्ये कड्याशिवाय कुठलीच प्लेट पुढे लावत नाहीत. रामनाथचे नवे तुकडे तीन ठिकाणी गोठवून ठेवलेत, त्यातलं एक ठिकाण उंचावरचं, पुराचं पाणी पोचणार नाही असं. क्षितिजा पुढच्या शिक्षणाला गेली, तिच्या जागी आलेल्या तेजस्वीला पहिल्या दिवशी हर्षवर्धनने सांगितलं, "प्लेट निवडायला शकूताईंकडून शिक." तेजस्वीने सूचनांचा कागद मागितला. शकू तिला खिडकीपाशी घेऊन गेली.

शकू अजून चंदनसारला राहते. दर सोमवारी सकाळी ती रामनाथच्या साठ प्लेटी उजेडात धरून स्वतः निवडते. आठवड्याचे बाकीचे दिवस काचेची भांडी धुते, ते काम तिने अजून कुणाला दिलेलं नाही.